कुलूपकाकूंच्या नावाने

तुम्ही हे वाचत आहात त्या क्षणी तुमच्या नावाने दुसरं कोणी कुठे सही करत नाहीये, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का? घाई करू नका. ऑफिसातला तुमचा पासवर्ड शेजारच्या टेबलावर कोणाकोणाला माहीत आहे, सुटीवर असताना तो फोनवर कोणाला सांगितला होता, परत आल्यावर बदलला का, हे सगळं आठवा आणि मग बोला. मला हा प्रश्न नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारला होता. मी हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

त्यांना आमच्या कंपनीत पाठीमागे कुलूपकाकू म्हणत. खुर्चीतून उठायचं झालं की त्या आधी कॉम्प्युटरची स्क्रीन बंद करत, पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी. पाणी प्यायला उठल्या तरी. दारातून कोणाला हाक मारायची असली तरी. टेबलाखाली गेलेलं पेन उचलायचं असलं तरी आधी दोन बोटं कीबोर्डवर, स्क्रीन काळी, आणि मग बाई वाकणार. एकदा आगीची रंगीत तालीम होती. भोंगा वाजला, सगळे धावत अंगणात आले, सुरक्षा अधिकारी माणसं मोजतो तर काकू नाहीत. मग आल्या, खांद्याला पर्स, चालीत काही घाई नाही.

“मॅडम, खरी आग असती तर?” तो चिडून म्हणाला.

“तरी स्क्रीन बंद करूनच आले असते. एवढं काय त्यात?”

“जीव जाईल ना एखाद दिवशी!”

“जीव माझा जाईल हो. नाव मात्र सगळ्यांच्या हाती लागेल, त्याचं काय?”

सगळे हसले. मीही. आज त्या वाक्यावर हसू येत नाही.

आमची कंपनी मौद्याच्या रस्त्यावर आहे, सलाईनच्या बाटल्या बनवते. चौकशी अजून चालू आहे म्हणून तिचं नाव लिहीत नाही. काकू तिथल्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. एका वेळी बनलेल्या मालाला बॅच म्हणतात, आणि कोणतीही बॅच काकूंच्या मंजुरीशिवाय फाटकाबाहेर जाऊ शकत नसे. सरकारी परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांचंच नाव होतं. मालक बदलला, मॅनेजर बदलले, रंग बदलला, ते नाव तिथेच राहिलं.

मी मुलाखतीला गेले तेव्हा कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं, की माझ्या घरी पत्रकांचा कारखाना आहे. खरंच होतं ते. माझे बाबा कामगार संघटनेत. आमच्या घरी संप असो की कोणाचं बारसं, पत्रक निघायचं. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवरून, आणि घड्या घालायला शिकले ती पत्रकांच्या. काकूंनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंच नाही.

“पत्रकाखाली नाव कोणाचं असायचं गं?”

“‘समस्त कामगार’,” मी ताठ मानेने सांगितलं.

“अन् पत्रकात चुकीचं काही छापलं गेलं तर कान कोणाचा धरायचा? समस्तांना कान नसतात.”

मला इतका राग आला की नोकरी मिळाली नाही तरी चालेल असं वाटलं. मिळाली. दुसऱ्या दिवसापासून त्या मला ‘ए पत्रक’ म्हणू लागल्या. माझं काम त्यांच्याच हाताखाली, नोंदी सांभाळण्याचं.

मी लागले त्याच सुमाराला कंपनीत नोंदींचं सॉफ्टवेअर आलं. तोवर सगळं कागदावर चालायचं. किती वाफ दिली, किती वेळ दिली, कोणी पाहिलं, सगळं पेनने. आता नियमच असा आहे, की नोंद कोणी केली, कधी केली, नंतर बदलली का आणि का बदलली, हे मशीनमध्ये कायमचं राहिलं पाहिजे. कोणालाही पुसता येता कामा नये. चांगला नियम आहे. मी तर म्हणते, या देशातल्या अर्ध्या क्रांत्या एवढ्या एका नियमाने झाल्या असत्या. पण आमच्याकडे नियम पाळणं म्हणजे तपासणीच्या आठवड्यात भिंतीला रंग काढणं. सॉफ्टवेअर आलं, एसी हॉलमध्ये प्रशिक्षण झालं, समोसे झाले, हजेरीवर सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या कॉम्प्युटरखाली चिकटपट्टीवर पेनने लिहिलेला एकच पासवर्ड झळकला. मालकांच्या नातीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

काकूंनी ती पट्टी नखाने खरवडून काढली. वाफेच्या मशीनवर मोरेश्वरभाऊ होते, कुहीकडचे, बोलायला तिखट.

“हे काय आहे?”

“पासवर्ड हाय मॅडम. सगळ्यायचा.”

“सगळ्यांचा म्हणजे?”

“म्हंजे पाळीत जो असन त्याचा. एवढी बाराखडी कोनाले ध्यानात रायते? इथं हात ओले, वरून घाई.”

“मोरेश्वरभाऊ, तुमच्या घरी दात घासायचा ब्रश सगळ्यांत मिळून एकच आहे का?”

“छ्या! काहीबी काय बोलता मॅडम!”

“मग? काहून वेगवेगळे ठेवता?”

मोरेश्वरभाऊ स्वतःच हसायला लागले. त्या दिवसापासून कारखान्यात पासवर्डला ब्रश म्हणू लागले. महिन्यातून एकदा बदलायची वेळ आली की ओरडा व्हायचा, “ए, ब्रश बदलला का गा?” कोणी दुसऱ्याचा मागितला तर बाकीचे नाक मुरडायचे. प्रशिक्षणवाल्या साहेबांनी तीन तास इंग्रजीत जे सांगितलं, ते काकूंनी एका ब्रशात बसवलं.

सॉफ्टवेअरमध्ये एक पान होतं, त्यावर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप उमटायची. काकू सकाळी चहा घेताना दुसरं काही न उघडता ते पान वाचत, घरी लोक पेपर वाचतात तसं. वाचताना त्यांचे ओठ हलत. काय बदललं, कोणी बदललं, काहून बदललं. एवढेच तीन प्रश्न. एकदा एक जण नोंद करायला विसरला आणि दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटरचं घड्याळच मागे करून ती भरली. पकडला गेला. त्याला वाटलं नोकरी गेली. काकूंनी त्याला बसवलं आणि त्याच्याकडून लिहून घेतलं, ‘काल विसरलो, आज लिहीत आहे.’

“विसरलास तर विसरलास रे. माणूस आहेस,” त्या म्हणाल्या. “त्या बिचाऱ्या घड्याळाला काहून खोटं बोलायला लावतो?”

त्या घाबरट होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. धाडसी बाईचं चित्र मी काढत नाहीये. एखादी बॅच मंजूर करायची वेळ आली की त्यांचे तळवे ओले होत. पदराला पुसत, चष्मा पुसत, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागत. शेवटचं बटण दाबलं की हात मांडीवर घेऊन बसत. इतकी वर्षं तेच काम केलेल्या माणसाला एवढं काय ते, म्हणून मी एकदा विचारलं, “मॅडम, अजूनही भीती वाटते?”

“बाटली ज्याला लावतात ना, तो बहुतेक वेळा शुद्धीत नसतो गं. तो कुठून घाबरणार? कोणीतरी घाबरायला पाहिजे. त्याच्या वाट्याचं मी घाबरते.”

असं म्हणून त्यांनी स्क्रीन बंद केली आणि डबा उघडला. डब्यात गोळाभात असला की अर्धा माझ्या ताटात यायचा, वरून फोडणीचं तेल. “खा. नुसत्या घोषणांनी पोट भरत नाही,” हे ठरलेलं. शहरात महाल भागात त्या राहत, तिथल्या त्यांच्या इमारतीतल्या भांडणांच्या गोष्टी जेवताना निघत. सोसायटीच्या सभेला एक शेजारी आले नव्हते, तर सचिव म्हणाले, काकू, त्यांच्या नावापुढे तुम्हीच एक सही ठोका, रोजचेच तर आहेत. काकूंनी नकार दिला, सभा मोडली, आणि त्या शेजाऱ्यांनीच आठवडाभर काकूंशी अबोला धरला. “माझ्या साध्या सहीसाठी एवढा कसला भाव खाता, म्हणाले. आता सांग, सही त्यांची, अन् भाव मी खाल्ला!” हे सांगताना त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त शाळामास्तर. त्यांनाही त्यातून सूट नव्हती. बँकेचा कागद असो की गॅसचा, काकूंची सही काकूच करणार.

आता त्या बॅचबद्दल सांगते.

उन्हाळा होता. वाफेच्या मशीनमध्ये बाटल्या निर्जंतुक होत होत्या आणि कंपनीचा ट्रान्सफॉर्मर बसला. आमच्या गच्चीवरून वीज केंद्राची धुराडी दिसतात. मोरेश्वरभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, “समोर वीज बनून रायली, अन् अंधार आमच्याच घरी!” जनरेटर सुरू झाला, मशीन पुन्हा चालू झालं. पण तापमान टिपणारा कॉम्प्युटर उठायला वेळ लागला. त्यामुळे तापमानाची रेषा एका जागी तुटली, थोडी मोकळी जागा सुटली आणि रेषा पुढे सुरू झाली. त्या मोकळ्या जागेत आत किती तापमान होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनी बॅच अडवली. स्क्रीनवर त्या बॅचसमोर लाल अक्षरं आली.

कारखान्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते स्वतः काकूंच्या टेबलापाशी आले. मी समोरच होते.

“मॅडम, रेषेच्या अलीकडे तापमान बरोबर, पलीकडे बरोबर. मधे काय बर्फ पडला?”

“नसेल पडला.”

“मग?”

“‘नसेल’वर मी सही करत नाही, साहेब.”

“नमुने तपासले ना आपण? सगळे ठीक निघाले.”

“ज्या बाटल्या आपण उघडल्या त्या ठीक निघाल्या. ज्या बाहेर जाणार त्या कुठे उघडल्या?”

साहेबांचा आवाज चढला. माल सरकारी दवाखान्यांना द्यायचा आहे, उशीर झाला तर पुढचं कंत्राट हातचं जाईल, मग या पोरांचे पगार तुम्ही करणार का, वगैरे. पोरांचे पगार! बाबांच्या पत्रकांत मी हे वाक्य लहानपणापासून वाचत आले आहे. मालकाला माल खपवायचा असला की त्याला आमच्या चुली आठवतात. मी उठून उभी राहिले. काकूंनी डोळ्यांनीच मला बसवलं आणि साहेबांना शांतपणे सांगितलं, “ती बॅच नष्ट करायची आहे. तसं मी लिहिलंय. तुम्हाला पटत नसेल तर तुमच्या नावाने मंजूर करून पाहा. मशीन विचारेल, काहून.”

मोठ्या साहेबांचा आयडी ते करू शकत नव्हता. नियमाने तो अधिकार परवान्यावरच्या नावाचा. साहेब गेले. काकूंचे तळवे मला दिसले. ओले होते.

बॅच गोदामात पडून राहिली. ती ना नष्ट झाली, ना गेली. रोज सकाळी काकू स्क्रीनवर पाहत, लाल आहे ना अजून, आणि मग चहाला हात लावत. या ओढाताणीतच एक दिवस कँटीनमध्ये त्यांच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही त्यांना रामदासपेठेतल्या एका इस्पितळात नेलं. जाण्याआधी, दोघांनी धरून उभं केलेलं असताना, त्यांनी टेबलापर्यंत नेण्याचा हट्ट केला. कशासाठी, ते तुम्हाला कळलंच असेल.

इस्पितळात मी भेटायला गेले तेव्हा हाताला सलाईन होतं. त्यांनी मला खूण केली. “ए पत्रक, बाटलीवरचं नाव वाच गं.” मी स्टुलावर चढून वाचलं. दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं होतं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या बाटलीकडे बघत राहिल्या. “तिकडे कोण बसतं, कोणास ठाऊक. घाबरट असू दे बाप्पा.”

तेवढ्यात मोठे साहेब आले. एका हातात फळांची करंडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. काकांना नमस्कार, काकूंना ‘आराम करा, काळजी करू नका’. मग खुर्ची पुढे ओढून ते हळू म्हणाले, “मॅडम, तेवढं एक राहिलंय. तुम्हाला त्रास नको. तुम्ही फक्त पासवर्ड सांगा, बटण मी दाबतो.”

काका चमचा हातात धरून तसेच उभे राहिले. काकूंनी डोळे मिटले होते. न उघडताच बोलल्या.

“साहेब, हात बांधलाय माझा. डोकं मोकळं आहे.”

“समजून घ्या ना.”

“समजले. करंडी घेऊन जा. आमच्याकडे खाणारं कोणी नाही.”

ते गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. “मी नसले तर आधी माझं नाव बंद करायला लाव. मशीनमधलं. हार-बीर नंतर.” मी म्हटलं, काहीतरी काय बोलता मॅडम. “सांगून ठेवते. तू रडत बसशील, अन् हे लोक बसणार नाहीत.”

त्या गेल्या. मी रडले, पण त्याच दिवशी, स्मशानातून आल्यावर, आयटीच्या निखिलला लेखी कळवलं, की मॅडमचा आयडी बंद करा. त्याचं उत्तर आलं, ‘ताई, साहेबांनी थांबायला सांगितलं आहे. परवान्यावर नवीन नाव येईपर्यंत.’ मी साहेबांना लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. कँटीनच्या दाराशी काकूंचा फोटो लागला, हार लागला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मोठ्या साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांनी जाहीर केलं, की दर वर्षी काकूंच्या नावाने गुणवत्ता पुरस्कार दिला जाईल. टाळ्या झाल्या. आणि मी रोज सकाळी, चहाच्या आधी, स्क्रीनवर पाहत होते. लाल आहे ना अजून. आता माझे तळवे ओले होत होते.

तेरवीला कंपनीने सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुटी दिली. गाडी करून दिली. हे मला विशेष वाटलं आणि थोडी लाजही वाटली, की आपण या लोकांना उगाच इतकं वाईट समजतो. महालात पंगत बसली. काका स्वतः वाढत होते. मोरेश्वरभाऊ माझ्या शेजारी होते, पानावर हात ठेवून म्हणाले, “लई भांडली माह्याशी बाई. अन् बरं झालं भांडली.” जेवून आम्ही गाडीने परत आलो, कारण संध्याकाळची हजेरी लावायची होती. मी सवयीने स्क्रीन उघडली.

लाल अक्षरं हिरवी झाली होती.

मंजुरी देणाऱ्याच्या जागी काकूंचं नाव होतं. बदलांच्या पानावर त्याच्या आधीची ओळ होती, या नावाचा पासवर्ड नवा केला. वेळ दुपारची, आम्ही पंगतीत बसलो होतो तेव्हाची. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘ओके’. काकूंनी आयुष्यात कधी एका शब्दात कारण लिहिलं नव्हतं. मी त्या नावाकडे बघत बसले. क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं त्या आतल्या खोलीत आहेत.

मोठे साहेब घरी निघाले होते. मी त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

“सिस्टिममध्ये नाव बदललं नाही अजून, एवढंच आहे ते,” ते म्हणाले. “तांत्रिक बाब. तू भावनिक होऊ नकोस. कागदावर सगळं ठीक आहे.”

“कागदावर त्या मेलेल्या आहेत, साहेब. महानगरपालिकेचा दाखला आहे.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “उद्या सकाळी गाडी भरायची आहे. तुला नोकरी करायची आहे ना?”

मी तशीच महालात परत गेले. काका भांडी मोजून केटररला परत देत होते. मी सांगितलं. ते सतरंजीवर बसले. मग दाखल्याची प्रत काढून दिली. औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायची तक्रार आम्ही तिथेच लिहिली. खाली सही करताना त्यांनी काकूंचं नाव लिहून पुढे ‘यांच्या वतीने’ असं लिहिलं, आणि हात थांबला. ती ओळ त्यांनी एका सरळ रेघेने खोडली. “नको. रागावेल,” असं पुटपुटले आणि फक्त स्वतःचं नाव घातलं. त्याखाली मी माझं.

कार्यालय उघडायला सकाळचे साडेदहा. गाडी भरायची आठला. मधल्या वेळात काय करायचं? मला जे येतं तेच मी केलं. पत्रक काढलं. गांधीबागेच्या बाजूला ओळखीचा छापखाना आहे, तिथल्या माणसाने सगळं ऐकून रात्रीच काढून दिलं. ‘कामगार बंधूंनो’ लिहिलं नाही, घोषणा लिहिली नाही. एवढंच लिहिलं: ‘काल दुपारी आपण मॅडमच्या तेरवीला जेवत होतो. त्याच वेळी मॅडमच्या नावाने, त्यांनी अडवलेली बॅच मंजूर झाली. ती मंजुरी त्यांची नाही. ज्याने दिली त्याने स्वतःच्या नावाने द्यावी.’ खाली माझं नाव आणि मी कुठल्या विभागात काम करते ते.

सकाळी फाटकाशी उभी राहून मी ते प्रत्येकाच्या हातात दिलं. मोरेश्वरभाऊंनी पाळी बदलताना ते घेतलं, गाडीपाशी गेले आणि खोकी चढवणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चढवणं थांबलं. मोठे साहेब बाहेर आले.

“काय तमाशा चालला आहे? भरा गाडी!”

“साहेब,” मोरेश्वरभाऊ म्हणाले, “काल मी त्या बाईच्या तेरवीले जेवलो. आज तिच्याच सहीवर गाडी भरू? माह्याच्यानं नाही होत.”

“तुमचा काय संबंध सहीशी? तुम्ही मजूर आहात!”

“बरं, मजूर हाव. मंग तुमी सही करा. या पत्रकाच्या मांगं करा, पेनानं करा. ‘माल चांगला हाय’ लिहा अन् खाली तुमचं नाव टाका. आत्ता भरतो गाडी, एकटा भरतो.”

कोणीतरी खरंच पेन पुढे केलं. तो क्षण मी विसरणार नाही. साहेबांनी पेनाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. ज्या मालाबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती, ज्यासाठी त्यांनी आजारी बाईचा पासवर्ड मागितला, त्या मालाखाली त्यांना स्वतःचं नाव नको होतं. ते वळून आत गेले. गाडी रिकामी उभी राहिली.

दुपारनंतर निरीक्षक आले आणि गोदामाला सील लागलं. चौकशी सुरू आहे. माझी नोकरी गेली. आगाऊपणा केला असं कारण दिलं नाही, मनुष्यबळ कमी करायचं आहे असं दिलं. मोरेश्वरभाऊंना काढायची त्यांची हिंमत अजून झालेली नाही. काही दिवसांनी निखिलचा फोन आला. “ताई, बंद केलं मॅडमचं नाव,” म्हणाला. मी विचारलं, कसं दिसतं? “करडं. जुन्या मंजुऱ्यांवर तसंच आहे. नवीन कुठे जाणार नाही आता.” मला स्मशानात जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. काकू गेल्या.

पण काळजी गेली नाही. त्या इस्पितळात होत्या त्या दिवसांत त्यांच्या नावाने आणखी काही मंजूर झालं का? ते बदलांचं पान आता मला उघडता येत नाही, म्हणून मी चौकशीत हे लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. ओळखीचं कोणी आजारी पडलं की मी आता फळं नेत नाही. आधी बाटलीवरचं नाव वाचते, आणि नर्स विचारते, काय शोधून राहिल्या मॅडम?

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, आणि ते ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवायचं नाही. तुम्ही जिथे काम करता, कारखाना, बँक, शाळा, पतपेढी, दवाखाना, तिथला नोकरी सोडून गेलेला किंवा जग सोडून गेलेला एक माणूस आठवा. उद्या गेल्या गेल्या विचारा, की त्याचं नाव मशीनमध्ये अजून चालू आहे का. तोंडी ‘नाही हो’ ऐकून परत येऊ नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि चालू निघालं तर ते बंद होईपर्यंत त्या टेबलासमोरून हलू नका.